खिशात मावेल तोच कॅमेरा

कॅमेरा कोणता घ्यावा असे कोणी मला विचारले, की मी प्रथम उलट विचारतो, "आपण कोणत्या गाडीला असता?" परगावच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण डोंबिवलीकराला तो बरोबर कळतो. सकाळी आठ ते साडेनऊच्या सुमारास डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद गाडीत उभ्या असलेल्या माणसाला, आपले दोन्ही हात नेमके कोठे आहेत याचा पत्ता ठाणे येईपर्यंत लागत नाही. अशा गाडीत गळ्यात कॅमेरा अडकवून चढणाऱ्याच्या गळ्याचे काय होईल आणि कॅमेऱ्याचे काय होईल, ते सांगावयास नको. म्हणून जो कॅमेरा रोज जवळ बाळगावयाचा, तो सदऱ्याच्या नाहीतर पाटलोणीच्या खिशात मावलाच पाहिजे. जो मावत नाही तो कपाटात बसतो आणि गणपतीला किंवा कोणाच्या लग्नाला तेवढा बाहेर येतो.

यावर पहिला आक्षेप आमच्याच घरातून आला. सौ. म्हणाली, "खिशात फोन आहे ना? त्यात काय फोटो निघत नाहीत?" निघतात, आणि उत्तम निघतात. पण आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. वडिलांनी आगफाच्या क्लिक-3 कॅमेऱ्यावर काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह त्यात आहेत. हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला तयार होई. साधे एकच भिंग, अंतर जुळवावयाची सोय नाही, आणि एका रोलवर चौकोनी असे 12 फोटो. त्या डब्यातली 1971 सालच्या पाडव्याची एक निगेटिव्ह मी गेल्या वर्षी छापून आणली. गॅलरीत उटणे लावून कुडकुडणारी चार मुले आणि त्यांच्या मागे तांब्या घेऊन उभी असलेली आई. पन्नास वर्षांवर दिवस गेले तरी त्यातले एक अक्षर पुसलेले नाही. माझ्या फोनमध्ये याच घडीला नऊ हजार फोटो आहेत, आणि त्यांतला एक तरी कोणी छापून भिंतीवर लावला आहे काय, असे मी विचारल्यावर सौ. गप्प बसली. (ती गप्प बसली म्हणजे तिला पटले असे मात्र नव्हे.)

घाईचे कारण दुसरेच होते. ज्या इमारतीच्या गॅलरीत तो फोटो निघाला, ती आमची डोंबिवली पूर्वेची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. सह्या झाल्या, तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांनी जागा रिकाम्या करावयाच्या. आईचे वय 83. या गॅलरीत ती लग्न होऊन आली. ती तांदूळ निवडते, समोरच्या काकूंशी कठड्यावरून बोलते, दुपारी दाराशी पाट टाकून पेपर वाचते, हे सारे मला डब्यात घालून ठेवावयाचे होते. त्यासाठी दिवाळीच्या बोनसातले 15 हजार रुपये मंजूर झाले. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते हौसेच्या संग्राहकासाठी नव्हे. तेवढ्याच पैशात ज्याला काम भागवावयाचे आहे, त्याच्यासाठी आहे.

आधी भिंगाचे बोलू, कारण निम्मी निवड तेथेच होते. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फोटोची चौकट 36 बाय 24 मिलिमीटर असते. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला, तेव्हापासून हे माप रूढ झाले. तो कॅमेरा रचणारा ऑस्कर बारनॅक दमेकरी होता आणि जड पेट्या घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. म्हणजे लहान कॅमेऱ्याचा जन्मच मुळी ओझ्याच्या कंटाळ्यातून झालेला आहे. आता डोंबिवलीची खोली घ्या. ती दहा फूट असेल तर भिंतीला पाठ टेकून समोर किती दिसेल? हिशेब सोपा आहे. 36 ला भिंगाच्या मापाने भागा आणि अंतराने गुणा. 50 मिलिमीटरचे भिंग दहा फुटांवर सव्वासात फुटांच्या आसपास रुंदी घेते. त्यात आई येईल, पण देव्हारा कापला जाईल. 40 चे भिंग नऊ फूट घेते आणि 35 चे सव्वादहा. 28 चे जवळजवळ तेरा फूट घेते, परंतु कडेला उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा त्यात ताणला जातो आणि मग काकू आठ दिवस बोलत नाहीत. म्हणून आपल्या खोल्यांना आणि गॅलऱ्यांना 35 ते 40 हेच भिंग योग्य, असे माझे मत आहे.

पुष्कळांना वाटते की घरात मोठा आरशाचा कॅमेरा पडलेलाच आहे, त्याला एखादे चपटे भिंग बसवले की झाले. मलाही हा विचार मोहक वाटला होता. पेंटॅक्सचे 40 मिलिमीटरचे एक जुने भिंग अवघे 18 मिलिमीटर जाड आणि 110 ग्रॅम वजनाचे आहे. पोह्याच्या पापडासारखे दिसते. परंतु भिंग चपटे झाले म्हणून कॅमेऱ्याच्या पोटातला आरसा काही चपटा होत नाही. त्या आरशाला जागा हवी म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून साडेचार सेंटिमीटर पुढे असते. दोन्ही मिळून सहा सेंटिमीटरांवर जाडी गेली, आणि वर डोक्यावरचे ते टेंगूळ निराळेच. तो कॅमेरा शबनम पिशवीत छान राहील, पण खिशात नाही. तेव्हा भिंग आणि कॅमेरा एकजीव असलेलाच पाहावा हे ठरले.

आता यात नावाजलेला म्हणजे रोलाय-35. हाइन्झ वास्के या जर्मन कारागिराने रचलेला हा कॅमेरा 1966 साली आला. लांबी दहा सेंटिमीटरांहूनही कमी. भिंग ओढून बाहेर काढावयाचे आणि काम झाले की आत ढकलावयाचे. मामांकडचा मी पंधरा दिवस वापरावयास आणला होता. वस्तू देखणी यात शंका नाही. पण 370 ग्रॅमची ती धातूची वडी सदऱ्याच्या खिशात घातली की सदरा एका बाजूला ओढला जातो, आणि शेजारचा प्रवासी आपल्या खिशाकडे जरा जास्तच आपुलकीने पाहतो. शिवाय प्रकाश मोजणारा काटा ज्या पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या बॅटरीवर चाले, ती आता बनत नाही. दीड व्होल्टची घातली तर काटा चुकीचे सांगतो. ज्याला उन्हाचा अंदाज डोळ्याने बांधता येतो त्याने खुशाल घ्यावा.

ऑलिम्पस ट्रिप-35 हा 1967 सालचा. याला बॅटरीच लागत नाही. भिंगाभोवतीच्या जाळीदार चकतीतले सेलेनियम उजेडावर चालते, आणि उजेड कमी पडला तर खिडकीत लाल पताका येऊन कॅमेरा फोटो काढण्यास साफ नकार देतो. फोटो वाया जाऊ देत नाही म्हणून हा गृहस्थ मला फार आवडतो. कल्याणच्या दुर्गाडीवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर दिवसाउजेडी हिंडणाऱ्या माणसाला याहून निर्धास्त सोबती नाही. परंतु आमच्या गॅलरीत दिवेलागणीला तो हमखास पताका दाखवणार. शिवाय अंगाने तो किंचित स्थूल आहे. कोटाच्या खिशात जाईल, आणि डोंबिवलीत कोट कोण घालतो?

नव्या कॅमेऱ्यांत 2024 साली पेंटॅक्स-17 निघाला. हा अर्ध्या चौकटीचा. 36 च्या रोलवर 72 फोटो देतो, आणि चौकट मुळातच उभी असल्याने दारात उभी असलेली माणसे तीत झकास बसतात. पण अमेरिकेत तो 500 डॉलरला निघाला. तो आकडा मी सौ.ला सांगितलाच नाही.

अखेर मी घेतला तो ऑलिम्पसचाच एक्सए. योशिहिसा मैतानी यांनी रचलेला हा कॅमेरा 1979 साली आला. 225 ग्रॅम वजन, लांबी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, आणि तपकिरीच्या डबीसारखे सरकते झाकण. झाकण लोटले की भिंगही सुरक्षित आणि बटणही बंद. निराळे आवरण, निराळी टोपी काही लागत नाही. गर्दीत झाकण मिटलेला हा कॅमेरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो, कोणाच्या पर्सच्या पट्ट्यात अडकत नाही. भिंग 35 चे आणि छिद्र 2.8 पर्यंत उघडणारे. रोलायचे 3.5 आणि याचे 2.8, यात काय मोठेसे, असे वाटेल. पण उजेडाच्या हिशेबाने ते दीडपट आहे.

आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. यात अंतर जुळवावयाची खरी सोय आहे: खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर आणल्या की अंतर जुळले. दिवसा याचे अडत नाही. छिद्र 8 वर ठेवून अंतर दहा फुटांवर लावले, तर साधारण साडेसहा फुटांपासून वीस फुटांच्याही पुढपर्यंत सारे स्पष्ट येते. संध्याकाळी मात्र छिद्र पूर्ण उघडावे लागते, आणि मग साडेसहा फुटांवर बसलेल्या माणसाच्या पुढचेमागचे मिळून दोन फूटही स्पष्ट येत नाहीत. तेथे अंदाज चालत नाही. 400 च्या फिल्मवर मी उन्हात 16, गॅलरीच्या सावलीत 8 आणि ट्यूबलाइटखाली 2.8, एवढे तीनच आकडे लक्षात ठेवले आहेत. बाकीचे कॅमेरा पाहून घेतो.

याची खोड म्हणजे त्याचे बटण. ते इतके हलके आहे, की बोट ठेवण्याचा नुसता विचार केला तरी टिक होते. आणि पोटात विजेची मांडणी असल्याने ती बिघडली तर दुरुस्त करणारा मिळणे कठीण.

आता जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी थोडे. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला जा, चोरबाजारात जा, किंवा ओळखीने घ्या, पण खिशात एक लहान विजेरी असू द्या. मागचे दार उघडून भिंगातून विजेरी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजा आणि दुकानदार कितीही गोड बोलला तरी नमस्कार करून बाहेर पडा. खाडी आणि उल्हास नदीच्या काठच्या आपल्या गावांत चार महिने हवा ओली असते. या हवेत बुरशीला आमंत्रण लागत नाही आणि ती एकदा काचेवरचा लेप खाऊ लागली, की पुसून जात नाही. दाराच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला डांबरासारखा लागत असेल तर उजेड आत शिरणार. ते मात्र थोडक्यात दुरुस्त होते. बॅटरीच्या जागी हिरवा गंज नसावा. घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या घरात कोंडू नका. चामडे ओल धरते. लोणच्याच्या नव्हे, अशा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला, की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतात.

खर्च लपवीत नाही. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून मला एक फोटो साधारण 40 रुपयांना पडतो. वडापावाशी तुलना करून सौ.ने या आकड्याची यथास्थित चर्चा केली आहे. पण 40 रुपयांची जाणीव असली की माणूस बटण दाबण्यापूर्वी पाहतो, हेही खरे. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटूनथटून जमलेल्या तरुण मंडळींचे फोनवर शेकडो फोटो निघतात. गेल्या वर्षी तेथे मी आठच काढले, तेही विचारून. आणि ज्यांना विचारले त्यांतल्या दोन मुली कॅमेऱ्यात फिल्म असते हे ऐकून, फोटो आताच्या आता दाखवा म्हणून हट्ट धरून बसल्या. त्यांची समजूत घालता घालता उजाडले.

आईचे मात्र निराळे. मोठा कॅमेरा पाहिला की ती पदर सावरून ताठ बसते. फोन पाहिला की नातू अमेरिकेतून बोलतो आहे असे समजून मोठ्याने ओरडते. या काळ्या डबीकडे तिने दोन दिवस पाहिले, "तपकीर कधीपासून?" असे विचारले आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. तेव्हापासून तीन रोल झाले. त्यांत एका फोटोत ती कठड्यावर दोन्ही हात टेकवून खाली, जेथे आता विकासकाचा फलक लागला आहे तेथे, पाहते आहे. मागून काढलेला आहे. चेहरा दिसत नाही. तो मी 12 बाय 8 च्या मापात छापावयास टाकला आहे. चौथ्या रोलवर अजून 14 फोटो शिल्लक आहेत, आणि समोरच्या काकू पाडव्यालाच सामान हलवणार असे काल ऐकले.