अर्ज पुन्हा टाकण्याआधी

नोकरी गेली, फंडाचा अर्ज टाकला, नामंजूर झाला. परत टाकला, परत नामंजूर. आता नेट कॅफेवाला म्हणतो, "अजून एकदा मारून बघू." थांबा. त्याला प्रत्येक अर्जाचे पैसे मिळतात आणि तुमचे दिवस जातात. ज्या नोंदीमुळे पहिला अर्ज पडला ती तशीच राहिली, तर पाचवाही पडणार. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हे लिहितोय ते पगारातून फंड आणि ईएसआय कापला जात होता आणि आता काम सुटलंय अशा लोकांसाठी. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या. कायम कामगारापेक्षा ठेकेदाराच्या माणसाला याची गरज जास्त आहे, कारण त्याच्या नोंदी जास्त हातांतून गेलेल्या असतात.

आधी हक्काचं काय आहे ते बघू. फंड काढता येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ईएसआयमधून बेकारी भत्ता मिळतो हे विचारलं तर दहातले नऊ जण "काय सांगता?" म्हणतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना हे तिचं नाव. 1 जुलै 2018 पासून ती सुरू झाली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे आणि अर्ज करायला नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबावं लागायचं. टाळेबंदीच्या वर्षात, 2020 मध्ये, दर 50 टक्के झाला आणि थांबायचे दिवस 30 वर आले. मिळतो तो जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच. महिना पंधरा हजारांवर सलग दोन वर्षं काम केलेल्या माणसाला अर्ध्या दराने सगळे मिळून साधारण बावीस हजार होतात. संसार त्यावर चालत नाही, पण दोन-तीन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा सुटतो. मायक्रोफायनान्सवाल्याच्या दारात जाण्याआधी हा दरवाजा वाजवायला हवा.

ही मुदतीची योजना आहे. सरकार तिला वेळोवेळी मुदतवाढ देत आलंय. म्हणून अर्जाच्या दिवशी ती चालू आहे का आणि दर काय, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारूनच पुढे जा. दवाखान्यात नव्हे, शाखा कार्यालयात. दवाखान्याच्या खिडकीवरून "अशी काही स्कीम नाही" असं ऐकून परत आलेले बरेच आहेत.

अटी अशा: नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्यात असायला हवं. शेवटच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तितकीच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनाच्या शिक्षेत काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला भत्ता नाही. कारखानाच बंद पडला किंवा कामगारकपात झाली असेल तर 2005 पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी विचारा. तिच्यात मुदत 24 महिन्यांपर्यंत जाते, पहिलं वर्ष निम्म्या दराने आणि दुसरं पाव दराने.

आता ठेकेदाराचा घोळ. ईएसआयचा विमा क्रमांक माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. एकदा मिळाला की जन्मभर तोच चालवायचा. पण अकरा महिन्यांनी ठेका बदलतो, नवा ठेकेदार जुना नंबर विचारत नाही, आपणही सांगत नाही, आणि त्याच गेटवर, त्याच मशीनवर उभा असलेला माणूस कागदावर नवाकोरा होतो. मग चार वर्षं काम करूनही संगणक म्हणतो, वर्गणी आठ महिन्यांची. फंडाच्या यूएएन क्रमांकाचंही तसंच होतं. एकाच माणसाचे तीन-तीन यूएएन निघतात. असं असेल तर भत्त्याचा अर्ज टाकण्याआधी जुने विमा क्रमांक जोडून देण्याची विनंती शाखेत लेखी करा, सोबत त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा लावा. फंडाच्या बाबतीत जुनी खाती चालू यूएएनवर ट्रान्सफर करून घ्या आणि मगच पैसे काढायचा विचार करा.

स्लिपेवर कपात दिसते पण खात्यात जमा नाही, असंही होतं. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात धरला जातो. तेव्हा मालकाला हात जोडत बसू नका. स्लिपेची प्रत लावून फंड कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यासाठी स्लिपा जपलेल्या हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली स्लिपसुद्धा चालेल, ती डिलीट करू नका.

खरं तर निम्मी लढाई गेटबाहेर पडण्याच्या दिवशीच ठरते. एचआरवाला गोड बोलून सांगतो, "राजीनामा लिहून दे, उद्या हिशोब करतो." काढत ते आहेत आणि राजीनामा तुम्ही लिहायचा! कामगारकपातीची नुकसानभरपाई कपातीवर मिळते, राजीनाम्यावर मिळत नाही. शिवाय पुढे भत्ता मागताना "हा आपणहून गेला" हे उत्तर त्यांच्या हातात आयतं सापडतं. कमी केल्याचं पत्र मागा. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल किंवा मेसेज करा: "आज अमुक तारखेपासून मला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं आहे, तसं लेखी द्यावं." उत्तर नाही आलं तरी तुमचा मेसेज तारखेसह राहतो. आणि हिशोबाचं आमिष दाखवायला आता फारशी जागाही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात काढलं, कमी केलं, राजीनामा दिला, काहीही असलं तरी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे.

त्याच दिवशी फंडाच्या खात्यात नोकरी सुटल्याची तारीख भरायला सांगा. ही तारीख नसली की फंड खात्याच्या लेखी तुम्ही अजून नोकरीवरच आहात, आणि नोकरीवरच्या माणसाला बेकारीचे पैसे कोण देणार? मालकाने नाही भरली तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः यूएएनच्या पोर्टलवर भरू शकता. आधारच्या ओटीपीने होतं. तारीख भरताना घाई नको, ज्या महिन्यात शेवटची वर्गणी पडली त्याच महिन्यातली द्या.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती नाव आणि जन्मतारखेवर. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी 'डी'ने सुरू करतं, कोणी 'जी'ने. पॅनवर एक, आधारवर दुसरं, फंडात तिसरं. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, 'भाऊ'चं 'भाऊसाहेब' कुठे झालं, याला अंत नाही. लग्न झालेल्या बायकांचे तर दोन-दोन जन्मांचे कागद असतात. जन्मतारखेचं वेगळंच. आपल्याकडे एका पिढीची निम्मी माणसं 1 जूनला जन्मली, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. पुढे आधार काढताना कोणी खरी तारीख सांगितली की दाखला आणि आधार जुळत नाही. यात एकच नियम पाळा: आधार आधी पक्कं करा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. उलट्या बाजूने गेलात तर प्रत्येक दुरुस्तीला नवी दुरुस्ती निघते. 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधारवरून निघालेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख यांसारख्या दुरुस्त्या मालकाच्या सहीशिवाय पोर्टलवरच होतात. त्याआधीचा असेल तर संयुक्त घोषणापत्र लागतं, त्यावर मालकाची मान्यता लागते. कंपनी चालू असेपर्यंत ती घेणं सोपं, टाळं लागल्यावर जिकिरीचं.

मग बँक. दावा मंजूर, मेसेज आला, खात्यात काहीच नाही. माणूस फंड कार्यालयाला शिव्या देतो आणि पैसा बँकेच्या दारातून परत गेलेला असतो. 2019-20 मध्ये बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना आणि विजया बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. ज्याने तेव्हाचा आयएफएससी कोड दिलेला आहे आणि नंतर बदलला नाही, त्याचा पैसा आजही आडवाटेला लागू शकतो. दुसरा प्रकार पुऱ्या केवायसीविना उघडलेल्या छोट्या खात्याचा. अशा खात्यात एका वेळी पन्नास हजारांवर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला एक लाखाहून जास्त जमा होत नाही. ऐंशी हजारांचा फंड तिथे मावतच नाही. तिसरा प्रकार, दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेलं खातं. पासबुक घेऊन शाखेत जा, खातं चालू आहे का, केवायसी पूर्ण आहे का, आजचा कोड कोणता, हे तिन्ही विचारून या. पतसंस्थेतलं खातं यासाठी देऊ नका.

फंडाबद्दल एक मत सांगतो, पटलं तर घ्या. तो भत्ता नव्हे, म्हातारपणासाठी बाजूला टाकलेला तुमचाच पैसा आहे. आधी ईएसआयचा भत्ता मागा, मग गरजेपुरता फंड. नियमही बदलताहेत. आधी दोन महिने बेकार राहिल्यावर सगळा फंड काढता यायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवलं की 75 टक्के लगेच आणि उरलेला पाव हिस्सा बारा महिने बेकार राहिल्यावर. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या जुन्या हिशोबावर मुलीच्या फीची तारीख ठरवू नका, पोर्टलवर आज काय दिसतं ते बघा. पाच वर्षांच्या आत पन्नास हजारांपेक्षा जास्त काढले तर कर कापला जातो, पॅन जोडलेला नसेल तर जास्तच. आणि नेट कॅफेवाल्याला तुम्हाला विचारल्याशिवाय 10-सी फॉर्म भरू देऊ नका. त्यातून पेन्शनचा पैसा काढला की तेवढी सेवा पुसली जाते. पुन्हा नोकरी लागणार असेल तर त्याच फॉर्मवर पैशाऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं.

आता सगळं बरोबर आहे आणि तरी पैसे येत नाहीत, असं झालं तर मात्र राग काढायचा, पण कागदावर. सर्व दृष्टींनी पूर्ण असलेला दावा 20 दिवसांत निकाली काढायचा, त्रुटी असेल तर त्याच मुदतीत लेखी कळवायची, असं फंडाच्या योजनेतच लिहिलंय. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर 12 टक्के दंडव्याज आयुक्ताच्या पगारातून कापण्याची तरतूदही तिथेच आहे. ती वापरली जाते का हा वेगळा विषय, पण तक्रारीत तिचा उल्लेख असला की भाषा बदलते.

तक्रार कशी लिहायची? लोक तीन पानं लिहितात, त्यात घरची परिस्थिती, मुलांच्या फिया, साहेबांना विनंती, आणि दावा क्रमांकच नसतो. एवढंच लिहा: "यूएएन अमुक. दावा क्रमांक अमुक, अमुक तारखेला दाखल. नामंजुरीचं कारण अमुक दाखवलं. ती दुरुस्ती अमुक तारखेला झाली, प्रत सोबत. 20 दिवस अमुक तारखेला संपले. दावा निकाली काढावा किंवा राहिलेल्या सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात." शेवटचं वाक्य विसरू नका. एका वेळी एकच त्रुटी काढून माणसाला फिरवत ठेवणं तिथेच बंद होतं. हे फंडाच्या तक्रार पोर्टलवर टाका, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. "निराकरण झालं" म्हणून तक्रार बंद केली आणि पैसे आलेच नाहीत, तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर तोच मजकूर जुन्या क्रमांकासह टाका. तरी हललं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: माझ्या दाव्यावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, त्याची प्रत द्या. उत्तराची मुदत 30 दिवस. मला या अर्जाचा फार विश्वास वाटतो, कारण उत्तर देण्यासाठी कोणाला तरी तुमची फाइल उघडावीच लागते.

ईएसआयच्या शाखेत अर्ज हातात दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत.

एजंटाला टक्केवारी देऊ नका. फंडाच्या आणि भत्त्याच्या अर्जांना सरकारी फी नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, "फंड ऑफिसमधून बोलतोय" म्हणणाऱ्याला तर नाहीच. टायपिंगचे पैसे घेऊन अर्ज भरून देणारा वेगळा आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवून घेणारा वेगळा. दुसऱ्याकडून उठून या.

दरम्यान घरात कोणी आजारी असेल तर एक गोष्ट लगेच तपासा. नोकरी गेली म्हणून ईएसआयचं कार्ड त्याच दिवशी बंद पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात 78 दिवस भरले असतील तर पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळतात, ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरले असतील तर डिसेंबरअखेरपर्यंत. नोकरी गेली म्हणजे कार्डही गेलं या समजुतीने बरीच माणसं खासगीत पैसे मोजतात आणि कार्ड कपाटात पडून राहतं.

फंड कार्यालय लांब असेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर भरतं. तुमच्या जिल्ह्यात या महिन्यात ते कुठे आहे हे आधी विचारून घ्या. आधार, पॅन, पासबुक, शेवटच्या दोन वर्षांच्या स्लिपा, नामंजुरीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि तक्रारीच्या दोन प्रती सोबत न्या. सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दी वाढते आणि टेबलामागची माणसंही कंटाळलेली असतात.