कुत्रीला वारंवार होणारा लघवीचा त्रास
गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. त्यांची सहा वर्षांची कुत्री, इतकी वर्षं शिस्तीची, आता दर थोड्या वेळानं दाराशी जाते, बाहेर नेलं की दोन थेंब करते आणि परत येऊन माजघरात शू करते. वर्षात तीनदा औषध झालं, तीनदा बरी झाली, पुन्हा तेच. ‘सासूबाई म्हणतात, देवाधर्माच्या घरात हे चालायचं नाही, कुठंतरी सोडून या. काय करू?’

आधी सासूबाईंना समजावा की ती हे मुद्दाम करत नाही. मूत्राशयाला सूज आली की थेंबभर लघवीचीही घाई होते. ज्यांना स्वतःला हा त्रास झाला आहे त्यांना जास्त सांगायला नको. कुत्रीचा मूत्रमार्ग नराच्या मानाने आखूड, म्हणून जंतू चटकन वर चढतात. बहुधा ते तिच्याच आतड्यातले, ई. कोलाय नावाचे असतात. नाक घासणं, मारणं (हे अजून घरोघर चालतं!) निव्वळ निर्दयपणाचं. वर्गात एखादं मूल सारखं ‘बाई, बाहेर जाऊ?’ विचारू लागलं तर मी त्याच्या आईला बोलावते, छडी शोधत नाही. आणि सोडून देण्याचं म्हणाल, तर उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की पशुवैद्य त्याला वारंवार होणारा संसर्ग समजतात. मग दर खेपेला अंदाजानं गोळ्या देण्यात अर्थ नाही. लघवीचं कल्चर करून मागावं. जंतू कोणता आणि तो कोणत्या अँटिबायोटिकनं मरतो ते त्यात कळतं. त्यासाठी नमुना डॉक्टरांनी सुईनं थेट मूत्राशयातून घेतलेला उत्तम. ऐकून आपल्याच पोटात गोळा येतो, पण सवयीच्या हाताला ते क्षणाचं काम. आमच्या चिंगीनं मान वळवूनही पाहिलं नाही. साध्या तपासणीला मात्र घरचा नमुना चालतो. लांब दांड्याचा जुना डाव उकळत्या पाण्यानं धुऊन कोरडा करावा आणि सकाळी ती बसली की मागून हळूच सरकवावा. (तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा!) नमुना लगेच पोचवावा, उशीर होणार असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवावा.

आणि मूळ शोधावं. चिंगीच्या एक्स-रेत मूत्राशयात खडे निघाले. खड्यांत जंतू दडून बसतात, म्हणून औषध थांबलं की त्रास परत. खड्यांची एक जात खास आहार व औषधानं विरघळते, तशी तिची विरघळली. काही जातींना शस्त्रक्रियाच लागते. काही खडे एक्स-रेत दिसतही नाहीत, तेव्हा सोनोग्राफी करतात. खडे नसले तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, किंवा लठ्ठपणामुळे जागेवर कातडीची घडी पडून ओल साचणं, हेही पाहावं लागतं. ऑपरेशन झालेली कुत्री झोपेत ठिबकत असेल तर तो वेगळा विकार. त्यालाही औषध आहे.

गोळ्या ठरलेल्या दिवसांपर्यंत पुऱ्या द्याव्यात, चौथ्या दिवशी खेळू लागली म्हणून थांबवू नयेत. कळ लागते म्हणून आपली आयब्युप्रोफेनची गोळी तर मुळीच नको. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाणी भरपूर पोटात जावं म्हणून भातातही थोडं घालावं, आणि रात्री झोपण्यापूर्वी एक फेरी चुकवू नये. फरशी साबणाच्या पाण्यानं पुसा. ओल्या फिनेलवर तिला फिरू देऊ नका, ती पाय चाटते.

एक मात्र लक्षात ठेवा. नर असो की मादी, जोर करूनही थेंबही येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला असला तर जिवावर बेततं.

तर पत्रलेखिकाबाई, पहिल्यांदा कल्चर आणि एक्स-रे. काय निघालं ते जरूर कळवा.