एजंटबाईंचे पाच संकल्प

नवीन वर्ष लागलं की संकल्पांचं पीक येतं. पहाटे फिरायला जायचं, चहातली साखर सोडायची, रोज एक पान लिहायचं... संक्रांतीपर्यंत त्यातलं बहुतेक करपलेलं असतं! यंदा मात्र काही वेगळे संकल्प कानावर आले. तेव्हापासून डोक्यात घोळताहेत, म्हणून लिहायला बसले.

माझ्या भाचीची मुलगी लंडनला एका साहित्य-एजन्सीत काम करते. लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणी करणारा माणूस. "आजी, यंदा कामाचे पाचच संकल्प केलेत," ती फोनवर म्हणाली. पहिला, ज्यानं हस्तलिखित पाठवलं त्या प्रत्येकाला आठ आठवड्यांत उत्तर द्यायचं, नकार असला तरी. दुसरा, नवे लेखक चारच घ्यायचे आणि जुन्यांना विसरायचं नाही. तिसरा, सही होण्यापूर्वी करारातलं प्रत्येक कलम लेखकाला समजेल अशा भाषेत सांगायचं. चौथा, लेखकाचे पैसे आले की आठवड्याच्या आत त्याच्या खात्यात जमा करायचे. आणि पाचवा, इंग्रजीत न लिहिणारा एक तरी लेखक इंग्रजीत आणायचा.

'अमुक इतक्या पौंडांचे करार करीन' असा सहावा संकल्प येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही. विचारलं तर म्हणाली, "ते माझ्या हातात कुठं असतं? हे पाच माझ्या हातातले आहेत." आम्ही शिक्षक मुलांना हेच सांगत आलो. गुण किती पडतील ते सोड, रोज दोन तास बसशील का ते सांग!

एजंट म्हटलं की आपल्याला विमेवाला आठवतो, नाहीतर जागेचा दलाल. आमच्या सांगलीकडे हळदीच्या बाजारात अडत्या असतो. तो माल सौद्यात मांडतो, भाव ठरला की आपली अडत घेतो. साहित्यातला एजंट हा साधारण तसाच. फरक इतकाच की तो पूर्णपणे लेखकाच्या बाजूनं उभा असतो. १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी लंडनमध्ये या धंद्याचा पाया घातला. आपल्याकडे चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ला निघाली, म्हणजे त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे किपलिंग, कॉनन डॉयल असे लेखक वॉट यांच्याकडे होते. ते लेखकाच्या मिळकतीतले दहा टक्के घेत. आज तिकडे साधारण पंधरा टक्के आणि परदेशी हक्कांवर वीस टक्के घेतात. लेखकाला मिळाले तर एजंटला मिळणार. नुसतं वाचण्याचे पैसे कुणी आधी मागू लागला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

आता पहिल्या संकल्पाकडे येते, कारण तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात साठ मुलं, म्हणजे निबंधाच्या साठ वह्या. तपासताना मान मोडून यायची. पण वही परत दिली नाही, तर ते मूल पुढचा निबंध कशाच्या जोरावर लिहिणार? 'सुमार' असा शेरा असला तरी चालतो. शेराच नसला तर मूल हळूहळू लिहिणं सोडतं.

माझ्याबरोबर नोकरीला एक सर होते, जत तालुक्यातले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी खडी फोडणाऱ्या आईसोबत पाहिलेला. निवृत्तीनंतर त्यावर कादंबरी लिहिली, चारशे पानं, सुवाच्य अक्षरात. एका प्रकाशकाकडे पाठवली. दोन पत्रं गेली, एकदा स्वतः एस.टी.नं जाऊन आले. "वाचतोय" एवढंच उत्तर मिळालं. चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत सरांनी दुसरी ओळ लिहिली नाही, आणि दुसरीकडे पाठवायचं तर 'त्यांना काय वाटेल' म्हणून तेही नाही. सर गेले. त्या चारशे पानांचं काय झालं, घरच्यांना ठाऊक नाही. कादंबरी चांगली होती की वाईट, ते मी सांगत नाही. मी काही समीक्षक नाही. पण एका पोस्टकार्डावर 'आम्हाला जमणार नाही' एवढं आलं असतं, तर सर दुसऱ्या दारात गेले असते.

प्रकाशकाची अडचण मला कळते. दोन-तीन माणसांचं कार्यालय, हस्तलिखितांचा ढीग आणि विक्रीची चिंता. तिकडचे ढीग तर डोंगराएवढे. तरी वाचणारं कुणीतरी असावं लागतं. हॅरी पॉटरची पहिली प्रकरणं लंडनच्या एका एजंटच्या कार्यालयात नाकारलेल्या कागदांत पडली होती. तिथल्या एका तरुण मदतनीस मुलीनं ती उचलून वाचली, म्हणून पुढचं सगळं घडलं. त्यानंतरही बारा प्रकाशकांनी नकार दिला आणि १९९७ मध्ये पुस्तक निघालं. हे बारा नकार पचवणारा एजंट मध्ये होता, म्हणून लेखिकेला प्रत्येक दारात एकटीनं उभं राहावं लागलं नाही.

आपला लेखक मात्र एकटाच उभा असतो. प्रकाशकापुढे पैशाचं बोलायचं म्हणजे त्याला संकोच. "छापताहेत हेच खूप!" असं म्हणून तो समोर आलेल्या कागदावर सही करतो. कधी कागदही नसतो, नुसता शब्द. म्हणून तिसरा संकल्प. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम लेखकानं एकदा तरी वाचावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल, तर भारतापुरतेच धरतो. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. कायदा लेखकाच्या बाजूनं इतका उभा आहे, पण हे त्याला सांगणार कोण? वकिलाकडे जायचं तर मानधनापेक्षा फीच जास्त व्हायची!

पाचवा संकल्प वाचकांच्याही जिव्हाळ्याचा. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, ती इंग्रजीत आली १९९७ मध्ये. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, इंग्रजीत आलं २०१५ मध्ये. म्हणजे चौतीस वर्षं आणि सदतीस वर्षं. 'बलुतं' इंग्रजीत आलं तेव्हा पवारांना जाऊन जवळजवळ दोन दशकं झाली होती. शेजारच्या कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्याआधी २०२२ मध्ये हिंदीतल्या गीतांजली श्री यांच्या कादंबरीला. पुस्तक चांगलं हवं, अनुवादक तोलामोलाचा हवा, हे खरंच. पण ते पुस्तक योग्य माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवणारंही कुणी हवं. अरुंधती रॉय यांचं हस्तलिखित वाचून लंडनचा एजंट विमानानं थेट दिल्लीला आला होता. मराठी कादंबरी वाचून पुण्याहून साताऱ्याला एस.टी.नं जाणारा तरी कुणी आहे का?

"बाई, मराठीत हे परवडायचं कसं?" असं तुम्ही विचाराल. विचारा, मीही हिशेब केलाय. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत तीनशे रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार. त्यातले पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. तेही आवृत्ती संपेल तेव्हा! एवढ्यावर कुणाची चूल पेटणार? तेव्हा लंडनचं रोप आणून इथं लावलं तर ते जगायचं नाही, हे मला कबूल आहे.

पण काम तर उरतंच. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मिरवणुका काढल्या. आता एखाद्या साहित्यसंस्थेनं एवढं करावं: एक पगारी माणूस नेमावा. त्यानं लेखकांचे करार वाचून द्यावेत, आलेल्या हस्तलिखितांची पोच द्यावी, अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क कुणाकडे आहेत त्याची नोंद ठेवावी आणि दरवर्षी दहा मराठी पुस्तकांची इंग्रजी-हिंदीत ओळख व नमुन्याची पानं करून प्रकाशकांकडे पाठवावीत. यातून हक्क विकले गेले तर संस्थेनं खुशाल अडत घ्यावी. संमेलनाच्या मांडवाला लागणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किती? एका माणसाचा पगार!

असा माणूस मिळेपर्यंत ज्यांच्या कपाटात हस्तलिखित आहे, त्यांना एक विनंती. पाठवण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. सोबतच्या पत्रात तारीख घाला आणि नम्रपणे लिहा, 'तीन महिन्यांत आपलं उत्तर न आल्यास मी हे अन्यत्र पाठवेन.' यात उद्धटपणा काही नाही. आणि प्रकाशक मंडळींना म्हणावंसं वाटतं, पाचही संकल्प नकोत, पहिला तेवढा घ्या. 'नाही' म्हणायला एक ओळ पुरते.