कच्चे लिंबू आणि गोल्फची सूट

अंगणातील खेळात धाकट्या भावंडास आपण ‘कच्चे लिंबू’ म्हणून सामावून घेतो. त्याचा डाव मात्र कोणी मोजीत नाही. गोल्फमध्ये दुबळ्या खेळाडूचाही डाव मोजतात. कमी फटक्यांत फेरी संपविणारा तेथे विजयी. दुबळ्यास काही फटक्यांची सूट असते. हिलाच ‘हँडिकॅप’ म्हणतात.

ती ठरविण्याच्या सहा निरनिराळ्या पद्धती जगात होत्या. २०२० साली त्यांच्या जागी एकच आली : शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांवरून सरासरी. परीक्षेचे गुण मी असे कधीच देणार नाही! पण येथे मोजावयाची आहे ती खेळाडूची कुवत, सातत्य नव्हे. म्हणून ही रीत मला पटते.

ब्रिटनमधील जुन्या पद्धतीत एका वाईट फेरीने सूट फार तर ०.१ ने वाढे. आता मुद्दाम वाईट खेळून ती लवकर फुगविता येते, ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. त्यावर बांध घातला आहे. गेल्या वर्षातील नीचांकाहून सूट ३ ने वाढली की पुढील वाढ निम्मीच धरतात, आणि ५ च्या पलीकडे ती जातच नाही.

बांध हवाच. परंतु लबाडासाठी घातलेला हा बांध दुखण्यातून उठलेल्या प्रामाणिक खेळाडूसही अडवितो. अशा वेळी तो बाजूस सारण्याचा अधिकार क्लबच्या समितीस आहे. तो तिने खेळाडूच्या अर्जाची वाट न पाहता, आपण होऊन वापरावा.