पुढील आदेश येईपर्यंत

वाहतूक शाखेच्या जाहीरनाम्यांना स्वतःची अशी एक भाषा आहे. अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंतचा रस्ता वाहतुकीस बंद करण्यात येत आहे, वाहनचालकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा, अग्निशमन दलाची वाहने, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या यांना या मनाईतून मुभा आहे, इतका मजकूर संपला की, जुन्या सनदेच्या तळाशी मोर्तब असावे तसे, तीन शब्द उमटतात : ‘पुढील आदेश येईपर्यंत’. सकाळच्या चहाबरोबर हे जाहीरनामे वाचण्याची सवय गेल्या काही वर्षांत पुणेकरास जडली आहे; आणि मेट्रोच्या खांबांखालून, पत्र्याच्या कुंपणांलगत, राडारोड्याच्या ढिगांना वळसा घालून जाता जाता माझी अशी खात्री होत गेली आहे की, रस्ता बंद झाल्याने नागरिकास जी तसदी पोहोचते तिच्यात खड्ड्यांचा आणि धुळीचा वाटा आहे खरा, परंतु सर्वांत मोठा वाटा या तीन शब्दांचा आहे.

आरंभीच एक कबुली देणे उचित होईल. प्रस्तुत लेखक मेट्रोचा विरोधक नाही. मुंबईकरांनी १८७४ पासून १९६४ पर्यंत ट्राम वापरली. पुण्याच्या वाट्याला ती कधी आलीच नाही, आणि सायकलींचे म्हणून नावाजलेले हे शहर मधला कोणताही टप्पा न घेता एकदम स्वयंचलित दुचाकींच्या महापुरात सापडले. अशा शहरात २४ डिसेंबर २०१६ रोजी ज्या कामाची कोनशिला बसली, त्यातील वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले दोन तुकडे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग लोकांच्या सेवेस रुजू झाला. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात उभे राहिले, मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेकडे निघालेल्या गाडीत बसले, आणि मंडईच्या गर्दीत थेट पाताळातून वर आले, म्हणजे ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी हे घडविले त्यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. तेव्हा माझी तक्रार लोहमार्गाविषयी नाही. तो घालीत असता रस्ता ज्या रीतीने ताब्यात घेतला जातो त्या रीतीविषयी आहे.

पुणेकर असहिष्णू आहे, त्याला जरा वळसा पडला की तो वर्तमानपत्रास पत्र लिहावयास बसतो, असा एक समज अधिकारीवर्गात रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी वर्षातून दोन प्रसंग पुरेसे आहेत. ज्येष्ठाच्या कृष्णपक्षात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा शहराचे निम्मे रस्ते वारकऱ्यांच्या स्वाधीन होतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता जो बंद होतो तो दुसऱ्या दिवशीची उन्हे चढली तरी पुष्कळदा उघडत नाही. आणि तरीही या दोन्ही वेळी कोणी दाद मागावयास धावत नाही, उलट पोहे, चहा, पाणी घेऊन लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. याचे कारण केवळ भक्ती हे नव्हे. पालखी कोणत्या तिथीला येणार आणि कोणत्या तिथीला हडपसर आणि दिवे घाटाच्या वाटेला लागणार हे दाते पंचांगात पाहून सांगता येते. चतुर्दशी कोणाच्या मर्जीने पुढे ढकलली जात नाही. ज्या दिवशी शहर थांबणार तो दिवस आधी ठाऊक असतो, आणि ते पुन्हा चालू केव्हा होणार हेही ठाऊक असते. माणूस गैरसोय सोसतो. परंतु सोसण्याला शेवट आहे हे त्याला आधी सांगावे लागते.

आता याच्याशेजारी गणेशखिंड रस्त्याचे उदाहरण ठेवून पाहावे. औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता या सर्वांचे पाणी ज्या एका मोरीतून वाहावयाचे, तो विद्यापीठ चौक. तेथले उड्डाणपूल, ज्यांचे वय पुरते दीड दशकही नव्हते, हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेच्या आड येतात म्हणून २०२० च्या जुलैत, टाळेबंदीच्या निर्जन दिवसांत, पाडण्यात आले. त्यांच्या जागी दुमजली उड्डाणपूल होणार, खाली वाहने आणि वर मेट्रो जाणार, ही तजवीज शास्त्रशुद्धच होती. परंतु त्या दुमजली पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली व्हावयास २०२५ चा ऑगस्ट उजाडला, आणि सुमारे २३ किलोमीटरच्या त्या मार्गिकेला मार्च २०२५ ची जी मूळ मुदत होती तीही टळून गेली. पाच वर्षे म्हणजे पहिलीतले मूल सहावीत जाण्याइतका काळ. या काळात त्या चौकात किती मनुष्य-तास सांडले, किती रुग्णवाहिका भोंगा वाजवीत जागच्या जागी उभ्या राहिल्या, कडेच्या किती दुकानांचे गिऱ्हाईक तुटले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. कारण ती ठेवण्याचे कोणावर बंधन नाही.

येथे आमच्या ग्रामीण कायद्यातील एका जुन्या शब्दाची आठवण होते. तो शब्द ‘वहिवाट’. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेतकऱ्याला असा अधिकार दिला आहे की, त्याच्या शेतावर जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला, बांध घातला, काट्या टाकल्या, तर त्याने सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, दावा दाखल करावा. मग अधिकारी जागेवर येणार, पाहणी होणार, पंचनामा होणार, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले जाणार आणि अडथळा दूर करण्याचा हुकूम निघू शकणार. एका बैलगाडीच्या चाकोरीला कायद्याने एवढे संरक्षण दिले आहे. मेट्रोसाठी जमीन घ्यावयाची झाली तर तिच्या मालकालाही नोटीस मिळते, हरकत घेता येते, निवाडा होतो आणि मोबदला हाती पडतो. परंतु ज्या नागरिकाच्या मालकीची तसूभर जमीन जात नाही, केवळ आयुष्यातला रोजचा पाऊण तास जातो, त्याला नोटीस नाही, हरकत नाही, निवाडा नाही आणि मोबदला तर नाहीच. भूसंपादनाला कायदा आहे. कालसंपादन मात्र बिनबोभाट, बिनपावती चालते.

यावर अभियंते असे उत्तर देतील, आणि ते उत्तर मी हलके लेखीत नाही, की जमिनीच्या पोटात काय आहे हे आधी सांगता येत नाही. पुण्याच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत जो नळ बांधून आणला, तेव्हापासून या शहराची भूमी पोकळ्यांची आहे. त्यावर जलवाहिन्या, मैलावाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा अशा थरावर थर चढले, आणि त्यांचा विश्वासार्ह नकाशा एका जागी मिळणे दुरापास्त. स्वारगेटला खोदताना २०१९ मध्ये जुना भुयारी जलमार्ग हाती लागला, मंडईच्या खोदाईत हत्तीची हाडे निघाली. अशा भूमीत विलंब होणार, हे कोणीही समजूतदार मनुष्य मान्य करील. परंतु अनिश्चितता मान्य करणे निराळे आणि मुदतच न घालणे निराळे. वैद्यालाही रोगाचा पल्ला नेमका सांगता येत नाही; तरी ‘आठ दिवसांनी या, मग पाहू’ एवढे तो सांगतोच, आणि आठ दिवसांनी गेलेल्या रोग्यास तो ओळखही दाखवितो.

ही ओळख दाखविण्याचे महत्त्व मला माझ्या शेजारच्या एका पेन्शनर गृहस्थांमुळे उमजले. त्यांचा नेहमीचा बसथांबा एका सकाळी नाहीसा झाला. त्या जागी पत्रे उभे राहिले होते. थांबा कोठे हलविला याची पाटी नव्हती. पत्र्याच्या फटीतून त्यांनी आतल्या मुकादमास विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘दिवाळीपर्यंत होईल, काका.’ काका अस्सल सदाशिवपेठी. ते म्हणाले, ‘कुठली दिवाळी तेवढं सांगा, म्हणजे त्या बेतानं फराळ आणतो.’ ते आम्हांला हसत हसत सांगत होते, पण त्या दिवसापासून ते एकटे बाहेर पडेनासे झाले. बंद रस्त्याचा हिशेब आपण मोटारींच्या रांगांवरून करतो. जे घराबाहेरच पडत नाहीत त्यांची रांग लागत नाही, म्हणून ते हिशेबात येत नाहीत.

संघटितांची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये संभाजी पुलावरून, म्हणजे आपल्या लकडी पुलावरून, मेट्रोचा पूल आडवा जाऊ लागला, तेव्हा विसर्जन मिरवणुकीतील देखाव्यांची उंची त्याखालून जाणार नाही अशी हरकत गणेश मंडळांनी घेतली. काम काही काळ तहकूब झाले, बैठका झाल्या, महापालिकेत खल झाला. अखेर पूल व्हावयाचा तो झाला, पण मंडळांचे म्हणणे ऐकले तरी गेले. पादचाऱ्याचे मंडळ नसते. त्याची वर्गणी नाही, त्याचा मांडव नाही, त्याचे कार्यकर्ते नाहीत. याच पुण्याने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, आणि दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद ठेवून ‘पादचारी दिन’ही साजरा होतो; उरलेल्या ३६४ दिवसांत मात्र पत्र्याचे कुंपण प्रथम पदपथ गिळते, रस्त्याचा क्रम त्यानंतर लागतो.

आपल्या पदरचे माप झाकून ठेवणे बरे नव्हे. जेथे पदपथ शिल्लक आहे तेथे त्यावर दुचाकी घालणारे आपणच. पर्यायी मार्ग दाखविणाऱ्या बाणाकडे पाठ फिरवून उलट दिशेने शिरणारे आपणच. कोंडीत सापडल्यावर समोरच्याची मान अडकेल अशा बेताने गाडीचे तोंड घुसविणारेही आपणच. परंतु एवढे नमूद करणे भाग आहे की, नियमाविषयीचा आदर हा नियम करणाऱ्याच्या शब्दाविषयीच्या विश्वासातून उपजतो, आणि महिनाभरासाठी म्हणून घातलेला अडसर वर्षभर तसाच राहिलेला ज्याने पाहिला, त्याला पुढचा अडसर आपल्यासाठी नाहीच असे वाटू लागते.

हा प्रश्न आता मागे पडला, असे म्हणण्याचीही सोय नाही. स्वारगेट ते कात्रज हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भुयारी विस्तार, वनाजपासून चांदणी चौकाकडे आणि रामवाडीपासून वाघोलीकडे जाणारे विस्तार, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राची मंजुरी मिळालेली खडकवासला, स्वारगेट, हडपसर, खराडी ही मार्गिका तिच्या नळ स्टॉप ते माणिकबाग या शाखेसह, असा सर्व पसारा पाहिला, तर पुढचे दशकभर या शहराचा कोणता ना कोणता रस्ता बंद असणारच. ज्या गोष्टीबरोबर दहा वर्षे काढावयाची, तिच्याशी काही करार असावा हे बरे.

करार साधा आहे. रस्ता बंद करण्याच्या प्रत्येक हुकमात समाप्तीची तारीख असावी, आणि ती तारीख पत्र्यावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह, चालणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगविलेली असावी. मुदत वाढवावयाची झाल्यास ती वाढवावी, मात्र विलंबाची कैफियत त्याच पत्र्यावर लिहूनच. कुंपण ठोकण्यापूर्वी पायी चालणाऱ्यांची वाट आणि हलविलेल्या बसथांब्याची पाटी तयार असावी. आणि जेथे काम थांबले आहे तेथले कुंपण त्याच आठवड्यात मागे सरकावे. शेवटच्या कलमाला दंडाची जोड हवी असेल तर लंडनचा दाखला घेता येईल : तेथे २०१२ पासून, गजबजलेल्या रस्त्याचा पट्टा ऐन गर्दीच्या वेळी खोदाईसाठी अडविणाऱ्याकडून दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत भाडे घेतले जाते. रस्ता अडवून ठेवणे फुकट असले की तो अडकून राहतो. त्याला भाडे लागले की काम रात्री होऊ लागते, आणि लवकर होऊ लागते.

लकडी पुलाविषयी असे सांगतात की, पानिपतानंतरच्या निकडीत तो लाकडाचा, घाईघाईने उभारण्यात आला. पुढे तो पुरात गेला, दगडाचा झाला, १९६१ चा पानशेतचा प्रलय त्याने पाहिला, त्याचे अधिकृत नावही बदलले. पुणेकरांच्या तोंडी मात्र तो अद्याप लकडीच आहे. तात्पुरते म्हणून जे येते ते या शहरात किती काळ टिकते, याचा याहून बळकट पुरावा वाहतूक शाखेस देता येणार नाही. म्हणून विनंती एवढीच की, जाहीरनाम्याच्या तळाचे ते तीन शब्द खोडून तेथे एक तारीख लिहावी. त्या कामासाठी एकही रस्ता बंद ठेवावा लागणार नाही.