काय टाकून दिलं, ते सांगा

चित्रकार, संपादक, जाहिरातीतली मंडळी हल्ली एकमेकांना एक दिलासा देतात: कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र काढलं, मजकूर लिहिला, तरी अभिरुची माणसाचीच राहणार. यंत्राने नमुने पुढे टाकावेत, आपण त्यातला एक उचलावा. या दिलाशातला अर्धा भाग मला मान्य आहे. उरलेला अर्धा घातक आहे आणि त्याचं खंडन व्हायलाच हवं.

यंत्राला हात लावला की कला संपली, असं म्हणणाऱ्यांशी फार वाद घालण्यात अर्थ नाही. छायाचित्रण हा कलेचा शत्रू आहे, असं फ्रेंच कवी बोदलेरने १८५९ सालीच ठणकावलं होतं. छायाचित्रणाने पुढे स्वतःचे कलावंत घडवले.

खरा वाद निवडीचा आहे. २०२२ साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत जेसन ॲलन यांच्या चित्राला डिजिटल कलेच्या विभागात पहिलं बक्षीस मिळालं. चित्र मिडजर्नी या सूचनेवरून चित्र काढून देणाऱ्या यंत्राच्या मदतीने केलेलं. पुढे स्वामित्वहक्क मागताना आपण यंत्राला किमान ६२४ वेळा सूचना दिल्या, असं त्यांनी सांगितलं. यंत्राने केलेला भाग वगळून हक्क मागायला मात्र ते तयार नव्हते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने त्यांना नकार दिला. मला तो योग्य वाटतो. ६२४ या आकड्यातून चिकाटी कळते. प्रत्येक वेळी नेमकं काय खटकलं, ते कळत नाही. त्याच कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ या चित्राची नोंदणी मान्य केली. त्यातले तुकडे यंत्राचेच होते. पण चित्राचा एकेक भाग निवडून, बदलून, पुन्हा जुळवणारा माणूस तिथे दिसत होता. हक्क मिळाला तो त्या निवडीला आणि जुळवणीला.

म्हणजे निवड ही निर्मिती असू शकते. मग आक्षेप कशाला? कारण निवडणारी नजर कोणालाच आयती मिळत नाही. प्रतिपक्ष म्हणेल, संपादक श्री. पु. भागवत कुठे कथाकार होते? तरी ‘सत्यकथा’ मासिकातून त्यांनी नवकथेला बळ दिलंच ना! दिलं. पण ती नजर तयार झाली हस्तलिखितं बारकाईने वाचून, लेखकांशी चर्चा करून, कथा पुन्हा लिहायला सांगून. शेवट का फसला हे लेखकाला पटवून द्यायचं, तर आधी स्वतःची आवडच तपासून घ्यावी लागते. यंत्र कारण विचारत नाही, हुज्जत घालत नाही. आणखी चार नमुने देतं. जो तरुण चित्रकार पहिल्या दिवसापासून या चारांतूनच उचलतो, स्वतः रेष ओढतच नाही, त्याची आवड यंत्राच्या सरासरीवर पोसली जाते. हळूहळू त्याला गुळगुळीत तेच सुंदर वाटू लागतं. अभिरुची आपल्याकडे राहणारच, असं गृहीत धरणाऱ्यांना ही झीज दिसत नाही, याची मला खरी काळजी वाटते.

शिवाय नजरेला जाब विचारता यावा लागतो. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचा राग मला बराचसा रास्त वाटतो. पण ती अभिरुची कोणाची आणि तिने कोणाला बाहेर ठेवलं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तिच्याशी भांडता आलं, आणि त्या काळातल्या भांडणांनी मराठी साहित्य रुंदावलं. यंत्राच्या सरासरीने काय वगळलं, याचा जाब कोणाला विचारायचा? ते यंत्र वापरून काम आपल्या नावावर देणाऱ्यालाच.

तेव्हा यंत्र जरूर वापरा. मात्र कलाशाळांनी विद्यार्थ्यांकडून आधी हाताने भरपूर काम करून घ्यावं. आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ स्वीकारताना संपादकाने ‘यंत्र वापरलं का?’ एवढंच विचारून थांबू नये. टाकून दिलेले नमुने मागवावेत आणि प्रत्येक का टाकला, ते विचारावं. ज्याला सांगता येईल, त्याचं नाव आत मानाने छापावं. ज्याला येणार नाही, त्याचं चित्र परत पाठवावं.