‘जुळवून घे’ म्हणणे थांबवा

दहावी झालेली १६-१७ वर्षांची पोर कापडाच्या दुकानात कामाला लागते. शिबिरात आपण तिला काय सांगतो? वेळेवर जा, उलट बोलू नकोस, मालकाशी जुळवून घे. सासरी पाठवतानाही हेच सांगतात, बायांनो! त्यापेक्षा तिला हजेरी लिहून ठेवायला, ठरलेल्या तारखेला पगार मागायला शिकवा. दुकानात दहापेक्षा कमी माणसे असली किंवा खुद्द मालकानेच हात लावला, तरी २०१३ च्या कायद्याने तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. समितीचे कार्यालय आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलेय? शिवाय अठराच्या आतल्या मुलीला २०१२ चा पोक्सो कायदाही आहे. पण घरी कळले की नोकरीच सुटते, म्हणून ती गप्प बसते. तिला घरी बसवणाऱ्या बापाशी भांडायला कोण जाणार, तेही पुढच्या बैठकीत ठरवा.